आत्ता घेऊ नकोस

“गोदावरी नदी नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकेश्वरजवळ उगम पावते आणि...”

वाक्य अर्ध्यावर होतं तेवढ्यात लॅपटॉपचा पंखा घुमायला लागला. आधी हळू, मग पिठाच्या गिरणीसारखा. सत्यशीलाबाई बोलायच्या थांबल्या. त्यांनी खिडकीवर गोधडी टांगली होती. छताचा पंखा बंद, फ्रिज बंद, दाराच्या फटीत जुनी साडी कोंबलेली. ऑक्टोबरच्या उकाड्यात घामाने अंग निथळत होतं. मंडईच्या आवाजापासून दूर राहायचं म्हणून सगळ्या घराचं तोंड दाबून बसावं, आणि समोरच्या यंत्रानेच ओरडायला लागावं!

त्यांनी पंखा शांत व्हायची वाट पाहिली. तो शांत झाला नाही. लॅपटॉपचा पडदा मात्र गोठला. बाण हलेना, बटण दाबलं जाईना. सकाळपासून वाचलेलं सगळं आत अडकलं होतं, आणि ते बाहेर येणार नाही हे त्यांना आता अनुभवाने कळत होतं.

“मर मेल्या,” त्या यंत्राला म्हणाल्या, आणि त्यांनी खिडकीवरची गोधडी ओढून काढली.

सत्यशीला देवस्थळी टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्या होत्या. तरुणपणी त्या ट्रंककॉल जोडून द्यायच्या. आवाज स्वच्छ, उच्चार ठसठशीत. निवृत्तीनंतर, आणि नवरा गेल्यानंतर, त्या आवाजाचं करायचं काय हा प्रश्नच होता. मग अंधांसाठी पुस्तकं ध्वनिमुद्रित करणाऱ्या एका संस्थेची माहिती कुणीतरी दिली आणि त्या वाचायला लागल्या. कथा-कादंबऱ्या वाचणारे पुष्कळ होते. सत्यशीलाबाईंकडे भूगोल आला, कारण भूगोलात नकाशे असतात आणि नकाशे वाचायला कुणी तयार नव्हतं. त्या नकाशा बोलून दाखवायच्या. कुठे काय आहे, कशाच्या शेजारी काय, हात फिरवल्यासारखं सांगायच्या.

सध्याचं पुस्तक पृथ्वीराज पठारेंसाठी होतं. खराडीचे हे गृहस्थ चाळिशी ओलांडलेले. पंचविशीत डोळ्यांच्या आजाराने दृष्टी गेलेली. ते सरकारी नोकरीच्या परीक्षेची तयारी करत होते. अंधांना वयाची सवलत असते, पण तीही यंदा संपत होती. परीक्षा जानेवारीच्या शेवटी. ही शेवटची संधी.

सत्यशीलाबाईंनी मुलाला फोन लावला.

“अर्णव, पुन्हा बंद पडला. मी आज जाऊन नवीन घेऊन येते.”

“आई, आई, थांब. आत्ता घेऊ नकोस.” पलीकडे हिंजवडीच्या ऑफिसातला गलका ऐकू येत होता. “दिवाळीत नवीन मॉडेल येतंय. मी तुला बोललो होतो ना? कन्फर्म्ड आहे जवळजवळ.”

“जवळजवळ म्हणजे?”

“लीक झालंय ते.”

“काय गळतंय?”

“अगं, माहिती बाहेर आली. फोटो आलाय. एका कारखान्यातून कुणीतरी टाकलाय. ब्लर आहे, पण कळतंय. आणि ऐक, त्यात फॅनच नाहीये. झिरो साउंड! तुझ्यासाठीच बनवलाय असं समज.”

“बिनपंख्याचे आत्ताही मिळतात म्हणे दुकानात.”

“मिळतात, पण ती जुनी चिप आहे, आई. आज घेशील आणि दोन महिन्यांत त्याचा डबा होईल. मग तूच म्हणशील, अर्णव, तू आयटीत असून मला सांगितलं का नाहीस? आणि तू घ्यायचाच नाहीयेस. मी घेणार आहे तुला. ठरलंय आपलं.”

ठरलं होतं खरं. गणपतीत अर्णव आणि शेफाली जेवायला आले होते, तेव्हा हा लॅपटॉप अडखळताना त्याने पाहिला आणि म्हणाला, आई, हा माझ्याकडून. सत्यशीलाबाईंना बरं वाटलं होतं. पैशाचा प्रश्न नव्हता, पेन्शन होती. पण मुलगा स्वतःहून काही देतो म्हणाला की नको म्हणवत नाही. शेफाली तेव्हाच पानावरून मान वर न करता म्हणाली होती, “आई, सांभाळा. आमच्याकडे टीव्ही असाच दोन वर्षं ‘येतोय’.”

त्यांना वाटलं, सून थट्टा करते आहे.

दिवाळी आली. लॅपटॉप आला नाही. भाऊबिजेला अर्णव आला तो मोबाइल उघडूनच. परदेशातल्या कुठल्याशा दुकानाच्या साइटवर त्या मॉडेलचं नाव चुकून दिसलं होतं आणि तासाभरात काढून टाकलं होतं. “काढून टाकलं म्हणजे खरंच आहे,” तो म्हणाला. “खोटं असतं तर कशाला काढलं असतं?”

“मग येणार कधी?”

“डिसेंबर. एक माणूस आहे, त्याचं कधीच चुकत नाही. तो डिसेंबर म्हणतोय.”

“तो त्या कंपनीत आहे का?”

“नाही गं. तो यूट्यूबवर आहे.”

सत्यशीलाबाईंनी ओवाळणीचं तबक आत नेऊन ठेवलं. काही बोलल्या असत्या तर सणाच्या दिवशी चांगलं दिसलं नसतं.

तोवर जुन्याच यंत्रावर त्या रेटत होत्या. सकाळी यंत्र गार असताना थोडं व्हायचं. पंखा सुरू झाला की थांबायचं, ओल्या फडक्यावर ठेवायचं, पुन्हा सुरू करायचं. फोनवर वाचून पाहिलं, तर चुकलेलं एक वाक्य काढायला बोट लावलं की पानच्या पान पुसलं जाई. वाचताना मध्येच कर्जवाल्या पोरींचे फोन येत. संस्थेत जाऊन वाचायचं, तर तिथली एकुलती खोली मुलांच्या परीक्षांमुळे आधीच भरलेली. त्या स्वतःवरच चिडायला लागल्या. दूधवाल्यावर खेकसल्या. आयुष्यात कुणाला ज्यादा शब्द न बोललेली बाई वरच्या मजल्यावरच्यांशी मिक्सरच्या आवाजावरून भांडून आली.

डिसेंबरमध्ये तो माणूस, ज्याचं कधीच चुकत नव्हतं, तो चुकला.

“मेमरीच्या चिप महागल्यात ना जगभर,” अर्णव फोनवर सांगत होता. त्याच्या आवाजात असं दुःख होतं की जणू घरातलं कुणी आजारी आहे. “त्यामुळे पुढे ढकललंय. पण जानेवारीत अमेरिकेत मोठा शो असतो, तिथे शंभर टक्के.”

“अर्णव, त्यांची परीक्षा जानेवारीत आहे.”

“कुणाची?”

“पृथ्वीराजांची. सांगितलं होतं तुला.”

“अरे हो. पण आई, लाँच झाल्या झाल्या मी मागवतोय. नोंदणी करून ठेवलीये. आता एवढं थांबलोय तर...”

त्याच आठवड्यात यंत्राने कायमचे डोळे मिटले. दुरुस्तीवाल्याने उघडून पाहिलं आणि बोर्ड जळला म्हणाला. नद्यांचं प्रकरण संस्थेकडे पोचलं नव्हतं. ते आतच राहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सत्यशीलाबाई पर्स घेऊन टिळक रस्त्यावरच्या एका दुकानात शिरल्या. आत थंडगार होतं. टेबलांवर लॅपटॉप पुस्तकांसारखे उघडे ठेवले होते आणि लोक त्यांच्यावरून बोटं फिरवत उभे होते.

“बिनपंख्याचा दाखवा,” त्या विक्रेत्याला म्हणाल्या.

त्याने दाखवला. पातळ, राखाडी. त्यांनी कान लावून पाहिला. आवाज नव्हता.

“हा द्या.”

विक्रेता जरा घुटमळला. इकडेतिकडे पाहून खालच्या आवाजात म्हणाला, “मॅडम, घाई नसेल तर महिनाभर थांबा. नवीन येतंय. मग याचा भाव पडेल.”

“तुम्हाला कोणी सांगितलं?”

“सगळेच म्हणतायत.”

शेजारी उभे असलेले एक गृहस्थ लगेच वळले. “मार्चमध्ये म्हणे.”

“नाही हो, जानेवारी,” दुसरा म्हणाला. “रंगही नवीन आहे.”

“दुकान चालवताय की पंचांग?” सत्यशीलाबाई म्हणाल्या. “मला हा हवाय. आत्ता. पिशवीत घालून द्या.”

विक्रेता बिल करायला वळला आणि त्यांचा फोन वाजला. अर्णव होता. कुठे आहेस विचारलं, त्यांनी खरं सांगितलं.

तो म्हणाला, “आई, प्लीज. बाबांच्या वेळी मी जर्मनीत अडकलो होतो. काहीच करता आलं नाही मला. तुझ्यासाठी एक गोष्ट नीट करू दे ना. सगळ्यात चांगली असेल ती देऊ दे.”

दुकानात लोक होते. विक्रेता पेन धरून पाहत होता. नवऱ्याच्या शेवटच्या दिवसांत हा मुलगा फोनवर कसा रडला होता, ते त्यांना आठवलं. मुलाच्या प्रेमाशी भांडायचं कसं, हे कुणी शिकवलेलं नसतं.

“राहू द्या,” त्या विक्रेत्याला म्हणाल्या.

“चांगला निर्णय, मॅडम,” तो म्हणाला. त्यांना त्याच्या डोक्यात पर्स घालावीशी वाटली.

घरी येऊन चहा टाकला तोच पृथ्वीराजांचा फोन आला. ते कधी तगादा लावायचे नाहीत. आधी तब्येत विचारायची, मग हवा, मग हळूच विषय.

“ताई, नद्यांचं कुठपर्यंत आलं? डोंगररांगा तोंडपाठ झाल्या माझ्या. पण नदी कुठून कशी जाती ते डोक्यात बसंना. मशीनला वाचायला लावलं, तर ते नकाशा आला की ‘चित्र’ म्हणतं आन् पुढं जातं.”

“थोडं थांबा, पृथ्वीराज,” सत्यशीलाबाई म्हणाल्या. “नवीन लॅपटॉप येतोय. म्हणजे, येतोय असं म्हणतायत...”

बोलता बोलता त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू आला. स्वच्छ, गोड, ट्रंककॉलवाला.

पृथ्वीराज हसले. राग नव्हता त्या हसण्यात, तेच जास्त लागलं. “मी थांबतो ताई, मला काय. परीक्षा थांबत न्हाई.”

त्यांनी गॅस बंद केला. चहा पातेल्यात तसाच राहिला.

“पत्ता सांगा तुमचा,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मनपाच्या थांब्यावरून बस पकडून त्या खराडीला उतरल्या. पठारेंची शेती जिथे होती, तिथे आता काचेच्या इमारती उभ्या होत्या. घर चार मजली. वर सगळे भाडेकरू, कंपन्यांतली मुलंमुली. प्रत्येकाच्या पाठीला लॅपटॉपची सॅक. जिन्यातून ती धडधड उतरत होती, आणि तळमजल्याच्या दारात पृथ्वीराज खुर्ची टाकून बसले होते. पावलांवरून ते प्रत्येकाचं नाव घेऊन ‘निघाला का’ म्हणत होते.

त्यांची आई, मथुराबाई, पाणी घेऊन आली. नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू, आवाज कडक.

“बसा बाई. एवढ्या लांबनं आलात. पर खरं सांगू का, कशाला ह्यो तरास? त्याला काय कमी हाय? चार मजल्यांचं भाडं येतंय. भाऊ सोन्यावानी हायती. बसून खाल्लं तरी जलमभर पुरंल.”

“आये,” पृथ्वीराज म्हणाले, “बसून खायाचंच तर न्हाई ना मला. सकाळी पोरं कामाला जात्यात, सांजच्याला येत्यात. मी हितं बसून त्यांची पावलं मोजतो. मला बी कुठंतरी जायाचंय सकाळचं.”

मथुराबाई आत गेल्या.

सत्यशीलाबाईंनी पुस्तक उघडलं. वाचायला लागल्या. आजूबाजूला स्कूटर चालू होत होत्या, पाण्याचा टँकर ओरडत होता, कुणीतरी वरून फोनवर हिंदीत भांडत होतं. गोधडी नाही, बंद खिडकी नाही. नद्या आल्या तशा त्या अडल्या. बोलून सांगितलेली नदी पृथ्वीराजांच्या चेहऱ्यावर उमटत नव्हती. ते मान डोलवत होते, पण माणूस भिडेखातर डोलवतो तशी.

“गोदावरी वर की भीमा वर?” त्यांनी विचारलं.

“भीमा?” पृथ्वीराज चाचरत म्हणाले.

सत्यशीलाबाईंनी पुस्तक मिटलं आणि स्वयंपाकघराकडे पाहून हाक मारली, “मथुराबाई, कणीक आहे का मळलेली?”

मथुराबाई परात घेऊनच बाहेर आल्या. सत्यशीलाबाईंनी परातीच्या डाव्या कडेला कणकेची उभी भिंत केली. “हा सह्याद्री. हात द्या. आता यातून उजवीकडे फाटे निघतात. हा सातमाळा-अजिंठा, वर. हा मधला हरिश्चंद्र-बालाघाट. हा खालचा महादेव डोंगर. आता बोट भिंतीवरून खाली आणा. पहिल्या दोन फाट्यांच्या मधून काय वाहत असेल?”

पृथ्वीराजांचं बोट कणकेच्या दोन रांगांमधून हळूहळू उजवीकडे सरकत गेलं.

“गोदावरी,” ते म्हणाले. मग पुढच्या खाचेत बोट घालून, “आन् ही भीमा. आपली. आन् तिच्या खाली कृष्णा.” ते थांबले. पुन्हा एकदा सगळं चाचपलं. “म्हंजी हे डोंगर त्यांना भेटू देत न्हाईत व्हय! भीमा मग फाटा संपल्यावर खाली वळून कृष्णेला भेटती.”

“बरोबर.”

मथुराबाई उभ्या राहून बघत होत्या. “ह्याच्यात आपलं गाव कुठं?” त्यांनी विचारलं.

पृथ्वीराजांनी आईचा हात धरला आणि तिचं बोट परातीत ठेवलं.

त्या दिवसापासून सत्यशीलाबाई रोज जायला लागल्या. जाण्यायेण्यातच अर्धा दिवस मोडे. खराडीच्या चौकात बस तासन्‌तास अडकून पडे. पाय सुजायचे. घरी यंत्र असतं तर याच वेळात किती प्रकरणं झाली असती, असा हिशेब मनात यायचा आणि डोकं तापायचं. पण पृथ्वीराज दारातच उभे असायचे. सत्यशीलाबाईंची पावलंही ते आता ओळखत होते. मथुराबाई डबा भरून द्यायला लागल्या होत्या.

सगळं मात्र झालं नाही. होणार नव्हतंच. वारे झाले, माती झाली, पिकं झाली. खनिजं आणि उद्योग राहिले. परीक्षेच्या आदल्या दिवशी पृथ्वीराज म्हणाले, “जेवढं झालं तेवढं पक्कं हाय, ताई.”

अमेरिकेतल्या त्या शोमध्ये नव्या लॅपटॉपचं फक्त नाव घेतलं गेलं. विक्री मार्चमध्ये.

मार्चमधल्या एका रविवारी अर्णव आणि शेफाली आले. अर्णवच्या हातात खोकं होतं आणि चेहरा लहानपणी बक्षीस घेऊन यायचा तसा. त्याने ते जेवणाच्या टेबलावर ठेवलं, आईलाच उघडायला लावलं. आतला लॅपटॉप खरंच सुरेख होता. रंग फिकट निळा. झाकण एका बोटाने उघडत होतं.

“कान लाव,” अर्णव म्हणाला. “काही ऐकू येतंय?”

“नाही.”

“बघ! सांगत होतो ना? थांबलो त्याचं चीज झालं की नाही?” तो भराभर सगळं जोडायला लागला. “आता ते तुझं पुस्तक झटक्यात होईल. पृथ्वीराजांचं.”

“त्यांची परीक्षा झाली.”

“झाली? मग काय, रिझल्ट?”

“कालच लागला. थोडक्यात राहिले. खनिजांवर पाच-सहा प्रश्न आले होते. ते प्रकरण आमचं राहून गेलं होतं.”

“अरेरे. पण पुढच्या वेळी नक्की...”

“पुढची वेळ नाही, अर्णव. वय संपलं त्यांचं.”

शेफालीने नवऱ्याकडे पाहिलं. अर्णवच्या हातात चार्जरची वायर होती. ती तो गुंडाळत राहिला.

“मला सांगायचंस ना, आई.”

“सांगितलं होतं.”

त्या हे चढ्या आवाजात म्हणाल्या नव्हत्या. तीन महिने साठवलेलं कितीतरी बोलायचं होतं. बसमध्ये उभ्या उभ्या त्यांनी ते सगळं मनात पाठ केलं होतं. शब्द न् शब्द. पण समोर हा खाली मान घालून वायरची गाठ सोडवत बसला होता, आणि त्यातला एकही शब्द तोंडात येईना. दुकानातून आपण आपल्याच पायांनी बाहेर पडलो होतो, हेही होतंच.

“काल काय म्हणाले ते?” शेफालीने विचारलं.

“म्हणाले, ताई, तेवढं राहिलेलं वाचून ठेवा. मागून येणाऱ्या पोरांना अडायला नको.”

शेफाली उठली, तिने फ्रिज बंद केला आणि खिडकी लावून घेतली. सत्यशीलाबाईंनी चष्मा पुसला, पुस्तकातली खूण काढली आणि नव्या यंत्रासमोर बसल्या.

“प्रकरण नववे. खनिज संपत्ती. येथे महाराष्ट्राचा नकाशा दिला आहे. तुमचा उजवा हात बाजूला पसरा. टोकाजवळ, पूर्वेकडे, चंद्रपूर आहे. इथे जमिनीखाली कोळसा...”

त्या थांबल्या. अर्णव घाईने पुढे वाकला.

“काय झालं? हँग झालं का?”

“नाही,” सत्यशीलाबाई म्हणाल्या. “चालू आहे. तू बोलू नकोस, सगळं आत जातंय.”

त्यांनी घसा साफ केला आणि पुन्हा वाचायला सुरुवात केली.